कारणाच्या रकान्यातलं टिंब

ओव्हाळ सिस्टरांना कुठलीही गोष्ट एकदा सांगून भागत नसे. ऐकू कमी येत होतं असं नाही. नुसत्या कण्हण्यावरून खाटेचा नंबर सांगणारी ती बाई होती. पण डॉक्टरांनी औषध सांगितलं की त्या ते लिहायच्या, मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि समोरचा स्पष्ट 'हो' म्हणेपर्यंत पेन कागदावरून उचलायच्या नाहीत. 'हं' चालत नसे. मान हलवलेली चालत नसे. शिकाऊ डॉक्टरांनी त्यांचं नाव 'पुन्हा-सांगा सिस्टर' ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या एका पोराला म्हणाल्या, "नाव चांगलं आहे. पुन्हा सांगा." त्या पोराने ते पुन्हा सांगितलं नाही.

पुण्यातल्या एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात मी सव्वीस वर्षं फिजिशियन होतो. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की दोष इमारतीवर जातो, आणि मला तो तिथे जाऊ द्यायचा नाही. स्त्रियांच्या वॉर्डाच्या ओव्हाळ सिस्टर इन्चार्ज होत्या. त्या विश्रांतवाडीला राहायच्या. घरातून शिकून बाहेर पडलेल्या त्या पहिल्याच. एकदा मी वैतागून म्हणालो, "सिस्टर, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" तेव्हा त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांनी एका कागदावर अंगठा दिला होता. कागद त्यांना वाचून दाखवला होता, पण वाचणाऱ्याने मधल्या चार ओळी गाळल्या होत्या. "त्या चार ओळींत आमची जागा होती, सर," त्या म्हणाल्या. "विश्वास आहे. वाचायला काय जातं?"

मला ही सवय जाचायची, आणि उपयोगीही पडायची. एकदा मी मंडईत भाजी घेत असताना त्यांचा फोन आला. एका बाईंचा रक्तदाब चढला होता. मी पिशवी सावरत गोळी सांगितली, भाजीवालीशी बोलत बोलत मात्राही सांगितली. मग सिस्टर म्हणाल्या, "सर, 'अर्धी' म्हणालात ती गोळी की मेथी?" अर्धी मेथीची जुडी होती. गोळी पूर्ण द्यायची होती.

मग रुग्णालयात संगणक आले. केस पेपर बंद, फायली बंद, पेशंटचं सगळं पडद्यावर. शिकवायला आलेला मुलगा फार हुशार होता आणि फार भरभर बोलत होता. "मॅडम, एकदम सिंपल आहे. मेडिसिन सिलेक्ट करा, सेव्ह करा, डन." सिस्टरांनी विचारलं, "सेव्ह केल्यावर वाचतं कोण?" तो म्हणाला, "सिस्टीम चेक करते ना. ॲलर्जी असेल तर रेड अलर्ट येतो." सिस्टर म्हणाल्या, "छान. आणि अलर्ट आला तरी एखाद्याने पुढे ढकललं तर?" तो म्हणाला, "मग रीझन टाकावं लागतं, मॅडम. त्याशिवाय पुढे जातच नाही." त्यावर सिस्टर प्रथमच समाधानी दिसल्या. यंत्रही कारण विचारतं, ही गोष्ट त्यांना आवडली होती.

आम्ही डॉक्टर मंडळी मात्र त्या यंत्रापुढे अवघडून बसायचो. मी साठीला टेकलो होतो. एका बोटाने अक्षरं शोधताना शिकाऊ पोरं मागे उभी राहून पाहतात, हे मला सहन होत नव्हतं. महिन्याभरात मी सिस्टरांना म्हणालो, "माझा पासवर्ड लिहून घ्या. मी तोंडी सांगेन, तुम्ही माझ्या नावाने टाकत जा."

"सर, पासवर्ड म्हणजे सही. तुमची सही मी कशी करू?"

"अहो, मीच सांगतोय ना."

"तुम्ही सांगताय ते मी ऐकलं. उद्या विचारलं तर तुम्ही सांगाल का, की तुम्हीच सांगितलं होतं?"

मी हसलो. "सिस्टर, मी पळून जातोय का कुठे?"

त्या तरीही अधीक्षकांकडे गेल्या. अधीक्षक म्हणाले, "काम थांबता कामा नये, एवढं बघा." लेखी मात्र काही दिलं नाही. पाहता पाहता आमच्या नऊही कन्सल्टंटांचे पासवर्ड त्यांच्या एका छोट्या डायरीत जमा झाले, प्रत्येकाचं पान वेगळं. डायरी त्यांच्या गणवेशाच्या खिशात असायची. पण आमच्या नावाने केलेल्या प्रत्येक नोंदीखाली त्या शेरा टाकायच्या: 'डॉक्टरांनी समक्ष सांगितल्यावरून, वाचून दाखवले, हो म्हणाले.' पुढे स्वतःची आद्याक्षरं. यंत्राने कारण विचारलं तर कारणाच्या रकान्यात त्या पूर्ण वाक्य लिहायच्या. आम्ही कधी स्वतः नोंद करायला बसलोच, तर त्या रकान्यात एक टिंब द्यायचो. रकाना रिकामा नाही, एवढंच यंत्राला कळायचं. टिंब दिलं की ते पुढे जाऊ द्यायचं. ही युक्ती कोणी शोधली माहीत नाही, पण सगळ्या डॉक्टरांमध्ये ती सर्दीसारखी पसरली. सिस्टरांनी एकदा मला विचारलं होतं, "सर, टिंब हे कारण आहे का?" मी म्हणालो, "यंत्राला पुरतं." त्या म्हणाल्या, "यंत्राला ताप येत नाही."

आता त्या दुपारचं लिहितो.

बिबवेवाडीच्या निकमताई नावाच्या बाई छातीतल्या कफासाठी दाखल झाल्या होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. घरी शिवणाचे क्लास घ्यायच्या. दाखल करून घेताना सिस्टरांनी त्यांना नेहमीप्रमाणे दोनदा विचारून नोंद केली होती: पूर्वी एकदा पेनिसिलिनच्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. मी राउंडला गेलो तेव्हा ताप उतरलेला नव्हता. औषध बदलायचं ठरवलं. सिस्टर सहा नंबरच्या खाटेवर एका आजीबाईंचं ड्रेसिंग करत होत्या, त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी हाक मारू शकलो असतो. मारली नाही. बाहेर ओपीडीत माणसं खोळंबली होती, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला कोणी परत विचारायला नको होतं. मी काउंटरवर गेलो, माझा पासवर्ड टाकला आणि पेनिसिलिनच्याच जातीचं इंजेक्शन निवडलं. पडदा लाल झाला. मी तो लाल पडदा पाहिला. न पाहिल्यासारखं झालं नाही, नीट पाहिला. मनात म्हटलं, हल्ली प्रत्येक पेशंट ॲलर्जी सांगतो. यंत्राने कारण विचारलं. मी टिंब दिलं आणि निघून गेलो.

त्या सिस्टीमची खोड अशी होती, की एकदा डॉक्टरने इशारा बाजूला सारला की पुढच्या माणसाला तो दिसत नसे. नवीन नर्सने पडद्यावरची ऑर्डर वाचली, औषध तपासलं, इंजेक्शन दिलं. पुढच्या काही मिनिटांत निकमताईंचा श्वास कोंडला. मला फोन लागेपर्यंत सिस्टरांनी ड्रेसिंग टाकून धाव घेतली होती, ॲड्रेनालिन दिलं होतं, प्राणवायू लावला होता. मी पोचलो तेव्हा जीव वाचवण्याचं काम झालेलं होतं, ते त्यांनी केलं होतं. निकमताई नऊ दिवस कृत्रिम श्वासावर होत्या. घरी गेल्या, पण उजव्या हाताला कंप राहिला. शिवणयंत्र सुटलं.

घरच्यांनी तक्रार केली. रुग्णालयाने चौकशी समिती नेमली. समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी अधीक्षकांनी मला त्यांच्या खोलीत चहाला बोलावलं. "डॉक्टर, तुम्हाला खोटं बोलायला कोणी सांगत नाही," ते म्हणाले. "पासवर्ड कोणाकडे होता, एवढं सांगा. ते तर खरंच आहे ना?" मी चहा प्यायलो. तो संपेपर्यंत मला कळलं होतं की मी काय करणार आहे.

समितीच्या टेबलावर त्या नोंदीची छापील प्रत ठेवली होती. माझं नाव, वेळ, औषध, इशारा बाजूला सारल्याची नोंद, आणि कारणाच्या पुढे टिंब. सिस्टर माझ्यासमोर बसल्या होत्या. इस्त्रीचा गणवेश, मांडीवर हात. अध्यक्षांनी मला विचारलं, "डॉक्टर, ही नोंद तुम्ही केलीत का?"

मी म्हणालो, "माझा पासवर्ड सिस्टरांकडे असतो."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. माझ्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि त्या खोलीत ते एकाच माणसाच्या लक्षात आलं.

सिस्टर म्हणाल्या, "साहेब, ही नोंद माझी नाही. माझ्या नोंदीखाली शेरा असतो. या वर्षातली कुठलीही काढून बघा. आणि मी टिंब देत नाही."

"घाईत कोणीही टिंब देईल, बाई."

"मी देत नाही."

"मग नोंद केली कोणी?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, याबद्दल मला कधी शंका वाटली नाही. पण त्या म्हणाल्या, "मी पाहिलं नाही. जे पाहिलं नाही ते मी सांगणार नाही." मग त्या थांबल्या. ते थांबणं माझ्यासाठी होतं. मी समोरच्या छापील कागदाकडे पाहत राहिलो. समितीतल्या एका सदस्याने घड्याळ बघितलं. दुसरे सदस्य हलक्या आवाजात म्हणाले, "या लोकांच्या हातात एवढं द्यायलाच नको होतं." 'या लोकांच्या' म्हणजे नर्सांच्या, असं त्यांनी नंतर चहाच्या वेळी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच्या पासवर्डाचा गैरवापर आणि निष्काळजीपणा असा ठपका ठेवून त्यांचा राजीनामा घेतला. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. त्या आठवड्यात आम्ही नऊही जणांनी गुपचूप पासवर्ड बदलले. नऊही जणांना माहीत होतं की ते सिस्टरांकडे कसे गेले. एकानेही तोंड उघडलं नाही. पण त्या आठ जणांचं मौन आणि माझं मौन सारखं नव्हतं. त्यांनी ओळखीच्या बाईला एकटं सोडलं. मी माझं कृत्य तिच्या नावावर घातलं.

शेवटच्या दिवशी सिस्टर प्रत्येक डॉक्टरकडे जाऊन डायरीतलं त्याचं पान परत देत होत्या. माझ्याकडे सगळ्यात शेवटी आल्या. पान टेबलावर ठेवलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "सिस्टर, कुठे शब्द टाकायचा असेल तर सांगा."

"शब्द टाकायची वेळ गेली, सर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तिथे फक्त 'हो' म्हणायचं होतं."

त्यानंतरची वर्षं माझी चांगली गेली, हे लिहायला लाज वाटते, पण तेही लिहायलाच हवं. मी सन्मानाने निवृत्त झालो. एका परिसंवादात 'संगणकीय नोंदी आणि डॉक्टरांची जबाबदारी' या विषयावर मी भाषण केलं. टाळ्या पडल्या, पुष्पगुच्छ मिळाला. सिस्टरांना दोन-तीन नर्सिंग होममध्ये मुलाखतीनंतर नकार आला, हे मला एका जुन्या नर्सकडून कळलं होतं. पुढे त्या घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करू लागल्या. मी ऐकलं, आणि विषय बदलला.

यंदा रुग्णालयाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे आठवणी मागितल्या. लिहायला बसलो तर ही एकच आठवण पुढे येई. निदान पुरावा तरी हातात घेऊ, असं ठरवून मी रुग्णालयाच्या आयटी विभागात गेलो. तिथला तरुण अतिशय अदबीने वागला. "सर, ती जुनी सिस्टीम बंद झाली. आपण नवीन घेतली ना."

"पण नोंदी असतील. संगणक काही विसरत नाही म्हणायचे."

"पेशंटचा डेटा आणला, सर. कोणी, किती वाजता, काय क्लिक केलं ते लॉग्ज नाही आणले. स्पेस खूप जात होती." मग धीर देत तो म्हणाला, "काही लीगल मॅटर नाही ना, सर?"

म्हणजे टिंब गेलं होतं. सिस्टरांच्या सेवापुस्तकातला ठपका मात्र कागदावर होता, त्यामुळे तो जसाच्या तसा शिल्लक होता. मी घरी येऊन जे घडलं ते दोन पानांत लिहून काढलं, खाली सही केली. एक प्रत रुग्णालयाला पाठवली. त्यांचं उत्तर आलं नाही. दुसरी घेऊन विश्रांतवाडीला गेलो.

दार सिस्टरांनीच उघडलं. केस पांढरे झाले होते, ताठा तोच. "या, सर," म्हणाल्या. पाणी दिलं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. स्वतःच्या अपराधाचं वाचन त्या आवाजात ऐकणं ही मला मिळालेली एकमेव शिक्षा. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे मला कशाला? मला माहीत आहे."

"मग कोणाला देऊ?"

"निकमताईंना. त्या घरी गेल्यावर मी भेटायला गेले होते बिबवेवाडीला. माझ्या वॉर्डात झालं म्हणून. त्यांच्या मिस्टरांनी दार लावून घेतलं. त्या घरात आजही सुईचं नाव निघालं तर माझं नाव निघत असेल." मग म्हणाल्या, "चला. मी येते बरोबर."

"तुम्ही कशाला?"

"तुम्ही एकटे गेलात तर काय सांगाल, ते मला माहीत नाही."

आम्ही रिक्षाने गेलो. निकमताईंचे यजमान वारले होते, त्या एकट्याच होत्या. सिस्टरांना त्यांनी ओळखलं, आणि चेहरा असा मिटला की या वेळीही दार लागणार असं मला वाटलं. पण माझे पांढरे केस पाहून असेल, त्यांनी आत घेतलं. खुर्च्या दाखवल्या, पाणी विचारलं नाही.

मी सुरुवात केली. "ताई, त्याचं असं आहे, त्या काळी ही कॉम्प्युटर पद्धत नवीनच होती. सगळ्याच डॉक्टरांची एक अडचण व्हायची..."

"सर," सिस्टर म्हणाल्या, "सगळ्यांचं राहू द्या."

मग मी सांगितलं. लाल पडदा मी पाहिला होता. इंजेक्शन मी लिहिलं. सिस्टरांना ते माहीतही नव्हतं. नंतर मला विचारलं तेव्हा मी ते सिस्टरांच्या नावावर जाऊ दिलं. चार-पाच वाक्यांत संपलं. इतकी वर्षं जे एवढं मोठं वाटत होतं, ते सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

निकमताई आपल्या उजव्या हाताकडे पाहत होत्या. तो मांडीवर बारीक थरथरत होता. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या सिस्टरांना म्हणाल्या, "अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "हे समोरच बसले होते."

निकमताई उठल्या, आत गेल्या. बऱ्याच वेळाने चहाचा एक कप घेऊन बाहेर आल्या. तो हात कापत होता म्हणून त्यांनी कप दोन्ही हातांत धरला होता. तरी थोडा चहा बशीत सांडला. कप त्यांनी सिस्टरांच्या हातात दिला आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. दुसरा कप आला नाही. तो यावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. मी उठून बाहेर पायरीवर थांबलो. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. माझ्याबद्दल नव्हतं. मुलं काय करतात, हाताला कोणतं तेल लावता, असं काहीतरी.

अर्ध्या तासाने सिस्टर बाहेर आल्या. मी रिक्षा थांबवली होती. म्हटलं, "चला, तुम्हाला सोडतो."

"नको, सर. मला इथून बस आहे." त्यांनी पदर सारखा केला. जाताना थांबून म्हणाल्या, "आता पुन्हा येऊ नका. तुमचं सांगून झालं."

त्या थांब्याकडे चालत गेल्या. बस यायला वेळ होता, तरी त्या माझ्याकडे पाठ करूनच उभ्या राहिल्या. रिक्षावाल्याने विचारलं, "काका, जायचं ना?" मी 'हो' म्हणालो.